एक मिनिट आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला टीमची एनर्जी वाढवण्यावरचा लेख वाचला, दोनदा वाचला खरं तर, पहिल्यांदा चिडून आणि दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. दीर्घ श्वास घ्या, पॉझिटिव्ह बोला, ऑफिसातल्या 'एनर्जी खाणाऱ्या' माणसांपासून लांब राहा, टीमला महिन्यातून एकदा बाहेर घेऊन जा वगैरे. यातलं वाईट असं काहीच नाही, श्वास घ्यावाच माणसानं. पण मी बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, त्यातली शेवटची आठ माझ्यासकट नऊ जणांची टीम सांभाळण्यात गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक कामाला अत्यंत चोख बाई हळूहळू विझत गेली तेव्हा तिचा श्वास अगदी व्यवस्थित चालू होता. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायची तर लावा, फक्त चिठ्ठ्यांचा भाग ठेवा एवढीच विनंती.

ती आमच्याकडे व्हेंडर लेजर बघायची, म्हणजे माल देणाऱ्या पार्ट्यांच्या बिलांचा आणि पेमेंटचा हिशोब. कुठल्या पार्टीचं बिल कशात अडकलंय, कोणाची क्रेडिट नोट (बिलातून वजा करायच्या रकमेचा कागद) दोन महिने येतेय येतेय म्हणून आलेलीच नाही, कोण दरवेळी बिलावर जुना पत्ता टाकतं, सगळं तिच्या डोक्यात. ज्युनिअर पोरं तिला ताई म्हणायची आणि मीही कधी तेच म्हणायला लागले कळलं नाही. तिची एक सवय होती, हातातलं काम मध्येच टाकून कोणासाठी उठावं लागलं की ती पिवळ्या चिठ्ठीवर व्हाउचर नंबर, म्हणजे त्या नोंदीचा क्रमांक, लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवायची, म्हणजे परत आल्यावर कुठनं सुरू करायचं ते कळावं. एका मंथ-एन्डला संध्याकाळी सहा-साडेसहाला मी तिच्या टेबलाशी गेले, "एक मिनिट आहे का?" असं विचारतच गेले अर्थात, आणि बघते तर मॉनिटरच्या तिन्ही बाजूंना चिठ्ठ्या. मोजल्या. चौदा. त्या चौदापैकी एकाही कामाकडे तिला अजून परत जाता आलेलं नव्हतं. आणि एवढं सगळं बघूनही मी माझा प्रश्न विचारलाच. तिनं काही न बोलता पंधरावी चिठ्ठी लिहिली आणि माझ्याकडे वळली.

त्याच वर्षी आम्ही तिला बेस्ट टीम प्लेअरचं सर्टिफिकेट दिलं होतं. फोटोबिटो काढून.

पुढं तीन महिन्यांनी तिचा राजीनामा आला. मी केबिनमध्ये बोलावून विचारलं, काम जास्त होत होतं का, आपण कमी करू, माणूस मागून घेऊ. तर म्हणाली, "काम जास्त नव्हतं हो मॅडम, कामापर्यंत पोचताच येत नव्हतं." उशिरापर्यंत थांबायची ना ती, आम्हाला वाटायचं केवढी निष्ठा, पण सहानंतर सगळे पांगायचे आणि तिच्या दिवसाचं खरं काम तेव्हा कुठे सुरू व्हायचं, एवढं साधं होतं ते. (या उशिरापर्यंत थांबण्याचं कौतुक करणाऱ्यांनी हेही वाचावं की जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून सांगितलंय, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त असतो. असो.)

ती गेल्यावर मी जरा वाचायला लागले. आधी वाचायला हवं होतं हे मला माहितीये. सोफी लेरॉय म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी २००९ साली 'अटेन्शन रेसिड्यू'वर पेपर लिहिलाय, म्हणजे एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा काही भाग मागच्याच कामाला चिकटून राहतो आणि नवीन काम उरलेल्या लक्षावर चालतं. आता चौदा चिठ्ठ्यांच्या हिशोबानं बघा, पंधरावं माणूस येतं तेव्हा तिच्याकडे देण्यासारखं उरलेलं काय असेल. आणि ते पंधरावं माणूस परत जाताना मनात म्हणतं, आजकाल ताई जरा तुटक बोलतात. म्हणजे तुमच्या लेखातल्या व्याख्येनुसार तीच 'एनर्जी खाणारी' ठरली असती.

दुसरा एक लेख सापडला तो २०१६ चा, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधला, क्रॉस, रेबेल आणि ग्रँट या तिघांचा. ३०० हून जास्त संस्थांचा अभ्यास करून ते म्हणतात की बहुतेक ठिकाणी उपयोगी पडणाऱ्या सहकार्यापैकी २० ते ३५ टक्के भार फक्त ३ ते ५ टक्के लोक उचलतात. आणि ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त लोक मदतीला जातात त्यांचंच मन कामातून सगळ्यात जास्त उडालेलं असतं. वाचून मला बरं वाटलं नाही, पण निदान हे आमच्या एकाच ऑफिसचं पाप नाही एवढं कळलं. त्यात एक फरक छान सांगितलाय. माणूस दुसऱ्याला देतो त्यातली माहिती आणि ओळखी दिल्यानं कमी होत नाहीत, वेळ आणि ताकद मात्र देऊन संपते. घोळ असा की लोक माहिती हवी असते तेव्हाही माणसाचा वेळच मागतात. आमच्याकडे तिला विचारलेल्या दहातल्या सात-आठ प्रश्नांची उत्तरं एका कागदावर मावली असती, तो कागद कधीच कोणी केला नाही कारण ताई होत्याच ना.

तर ती गेली ऐन वर्षअखेरीच्या क्लोजिंगच्या तोंडावर, आणि वरून आम्हाला एकदम दोन नवीन माणसं मिळाली. मी खूश. पुढचा महिना आयुष्यातला सगळ्यात वाईट महिना होता. सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये १९७५ पासून ब्रूक्सचा नियम म्हणून सांगतात की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, अकाउंट्सला तो तसाच्या तसा लागू आहे. साधं गणित आहे, आठ जणांमध्ये एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात २८, दहा जणांमध्ये होतात ४५. माणसं दोन वाढली, बोलणं मात्र दीडपटीच्या वर गेलं, त्यात नवीन दोघांना शिकवणार कोण तर ज्यांच्याकडे आधीच वेळ नाही तेच. बँक रिको, म्हणजे आमचा हिशोब बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, नेहमी तीन दिवसांत व्हायचं, त्या महिन्यात नऊ दिवस लागले.

आमचे वरचे साहेब तेव्हा म्हणाले, लोक ढिले पडलेत, टीममध्ये जोश नाही. हे ढिलेपणाचं निदान फार जुनं आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच शेती-इंजिनिअर होते, त्यांनी १८८० च्या दशकात माणसांना दोर खेचायला लावून मोजमापं घेतली, छापली १९१३ मध्ये. एकटा माणूस जेवढं खेचतो त्याच्या आठपट आठ जणांनी खेचायला हवं ना, पण भरलं निम्म्याच्या आसपास. यावरून सगळे म्हणतात बघा, गर्दीत माणूस कामचुकार होतो. पण रिंगेलमान स्वतः म्हणत होते की सगळ्यांची ओढ एकाच क्षणी लागत नाही हे मोठं कारण आहे. नंतर १९७४ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग परत झाला, त्यात खेचणाऱ्याच्या डोळ्याला पट्टी, आणि मागचे लोक नुसतं खेचण्याचं नाटक करत होते, तरी त्या माणसाची ओढ थोडी कमीच भरली. म्हणजे थोडी ढिलाई खरी, पण ती एकटी नाही, बाकीची ताकद मेळ न बसल्यानं वाया जाते. ढिलाईवर कदाचित भाषणानं फरक पडत असेल, मेळ न बसण्यावर भाषणाचा काय उपयोग. आमच्या नऊ दिवसांच्या रिकोमध्ये कोणी झोपा काढत नव्हतं हो, निम्मे दिवस आम्ही एकमेकांची वाट बघत होतो, या फाइलवर शेवटची सही कोणाची आणि न जुळणारा फरक राइट-ऑफ करायचा, म्हणजे सोडून द्यायचा, की पुढे ओढायचा हे ठरवणार कोण हेच कोणाला माहीत नव्हतं. वाट बघूनही माणूस दमतो. घरी जाऊन सांगताही येत नाही की आज मी काय केलं.

मग आम्ही काय केलं ते सांगते, यशोगाथा नाहीये ही, आधीच सांगून ठेवते.

सकाळी दहा ते साडेबारा कोणी कोणाला हाक मारायची नाही असं ठरवलं. ही आयडिया माझी नाही, लेस्ली पर्लो म्हणून संशोधक आहेत त्यांनी १९९० च्या दशकात एका कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सबरोबर आठवड्यातले तीन दिवस सकाळी शांत वेळ ठेवून बघितली होती, काम चांगलं झालं, आणि अभ्यास संपल्यावर लोक हळूहळू परत जुन्याच सवयीवर आले, कारण शाबासकी अजूनही आग विझवायला धावणाऱ्यालाच मिळत होती. हे मी आधी वाचलेलं होतं, तरी आमच्याकडे नियम मोडणारी पहिली व्यक्ती मीच. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मी उठून एकीच्या टेबलाशी गेले आणि माझं मलाच ऐकू आलं, "एक मिनिट..." ती हसली. मी परत येऊन बसले आणि प्रश्न वहीत लिहिला.

वही म्हणजे प्रिंटरशेजारी दोरीनं बांधलेली एक साधी लांब वही, तिला आम्ही प्रश्नवही म्हणायचो. मनात आलं की लिहायचं, कोणाला विचारायचंय ते नाव टाकायचं, साडेबारा आणि चार वाजता सगळ्यांनी बघायचं. गंमत अशी झाली की साडेबारापर्यंत निम्म्या प्रश्नांवर विचारणाऱ्यानंच काट मारलेली असायची, स्वतःच शोधलं उत्तर. मला फार अभिमान वाटायचा त्या काटांचा, साहेबांना वही नेऊन दाखवली मी.

आणि त्याच काटांनी मला तोंडावर पाडलं. नवीन दोघांपैकी एक पोरगा, दुसऱ्याच आठवड्यात त्यानं एक बिल दुसऱ्यांदा बुक केलं आणि त्याचं पेमेंट डबल गेलं. पार्टी चांगली होती, चार मेलमध्ये पैसे परत आले, प्रश्न तो नव्हता. मी वही चाळली तर त्या दिवशीच्या पानावर अगदी खाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "हे बिल आधी बुक झालंय का ते कसं बघायचं?" आणि त्यावर काट. मी विचारलं, काट का मारलीस रे. म्हणाला, बाकीच्यांचे प्रश्न मोठे मोठे होते मॅडम, माझा फारच फालतू वाटला.

म्हणजे आम्ही शांतता आणली आणि ती सगळ्यात नवीन माणसाच्या अंगावर पडली. एमी एडमंडसन यांचं हॉस्पिटलमधलं संशोधन मला तेव्हा समजलं, आधी नुसतं वाचलेलं होतं. त्यांना नव्वदच्या दशकात असं दिसलं की चांगल्या टीम्सच्या नावावर औषधांच्या चुका कमी असायच्या सोडून जास्त निघतायत, आणि नीट बघितल्यावर अंदाज असा निघाला की चांगल्या टीम्स चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका बोलून दाखवत होत्या, बाकीकडे लोक गप्प बसत होते. १९९९ मध्ये त्यांनी याला सायकॉलॉजिकल सेफ्टी म्हणून मांडलं आणि आता प्रत्येक ट्रेनिंगच्या स्लाइडवर हा शब्द असतो, मीही एका स्लाइडवर टाकला होता. फालतू प्रश्न बेधडक विचारता यायला हवा, एवढाच त्याचा अर्थ, आणि तोच मला त्या काटेखाली दिसला नाही.

मग नियम बदलला. पहिले तीन महिने नवीन माणसाला शांत वेळ लागू नाही. आणि रोज एक जण 'आजचा विचारायचा माणूस', आळीपाळीनं. त्या दिवशी त्यानं डोकं घालून करायचं काम हातात घ्यायचंच नाही, किरकोळ फायलिंग वगैरे करायचं आणि येईल त्याला उत्तर द्यायचं, माहीत नसेल तर शोधून द्यायचं. साहेबांचा पहिला प्रश्न, रोज एक माणूस बसवून ठेवायचा? मी म्हटलं साहेब, आधीही रोज एक माणूस त्यातच जात होता, फक्त रोज तोच होता आणि वर त्याचं काम वेगळं. ते काही बोलले नाहीत, ती त्यांची हो म्हणायची पद्धत आहे. यातून एक न ठरवलेलं काम झालं, व्हेंडर लेजरमधलं जे एकीच्या डोक्यात होतं ते आता थोडं थोडं सगळ्यांना येतं, अर्धवट येतं, पण येतं.

मीटिंगबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. एवढंच, की एकाला लागून एक मीटिंग लावणाऱ्यांनी मध्ये दहा मिनिटं सोडावीत, मायक्रोसॉफ्टनं २०२१ मध्ये १४ जणांच्या डोक्याला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरी मोजायचं यंत्र, लावून बघितलं होतं, लागोपाठ मीटिंगमध्ये ताण चढत जातो आणि मध्ये थोडी विश्रांती दिली की तो उतरतो. चौदाच जण होते, लहान प्रयोग आहे, पण ज्यानं कोणी लागोपाठ चार मीटिंग केल्यात त्याला ईईजीची गरज नाही.

शेवटचा मुद्दा तुमच्या लेखातल्या त्या टाकीचा. इच्छाशक्ती म्हणजे सकाळी भरलेली टाकी, ती दिवसभर रिकामी होते, म्हणून ती राखून वापरा असं लिहिलंय. ही कल्पना रॉय बाउमायस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगातून लोकप्रिय झाली हे बरोबर, पण २०१६ मध्ये २३ लॅब्जनी मिळून दोन हजारांच्या आसपास लोकांवर तशीच चाचणी घेतली तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. लेखात हे यायला हवं होतं. मला या टाकीचा राग येतो तो एवढ्यासाठी की एकदा टाकी माणसाच्या पोटात आहे म्हटलं की ती रिकामी झाली तर दोष त्याचाच, त्यानं भरून यावं, ध्यान करावं, लवकर झोपावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली त्यात त्याला आजार म्हटलेलं नाही, नीट न हाताळलेल्या कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून येणारी स्थिती म्हटलंय. कामाच्या ठिकाणच्या. आता ते हाताळायचं कोणी, तर ज्याच्या हातात त्या ठिकाणची घडी आहे त्यानं, म्हणजे माझ्यासारख्यांनी. आमच्या ताईंनी रोज पहाटे उठून ध्यान केलं असतं तरी अकरा वाजता मी त्यांच्या टेबलाशी गेलेच असते.

पुढच्या पुरवणीत हा विषय परत घेणार असाल तर एक करा, मॅनेजर आणि कोच लोकांना विचारू नका, प्रत्येक ऑफिसात ज्याच्या टेबलाशी सगळे जातात त्या माणसाला गाठा. सापडायला सोपा असतो. मात्र भेटायची वेळ आधी घेऊन जा.

त्या ताईंचा नंबर अजून माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात ऑडिटरनं एक जुनी एंट्री काढली, चार वर्षांपूर्वीची, कोणालाच उलगडेना, प्रश्नवहीत तीन दिवस पडून होता तो प्रश्न. शेवटी मीच त्यांना फोन लावला आणि तोंडातून तेच निघालं, एक मिनिट आहे का. पलीकडे क्षणभर शांतता, मग हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, मेल टाका ना. चार वाजता बघते."

चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं, व्हाउचर नंबरासकट.

आपली,
एक नियमित वाचक